पीपीटी झाली, सेमिनार राहिला

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीतून एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपुढे दोन रस्ते असतात. धाराशिवला गेलं की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा २००४ साली सुरू झालेला उपपरिसर; लातूरला गेलं की नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालयं. विद्यापीठ कुठलंही असो, एक दिवस सूचनाफलकावर सेमिनारची यादी लागते आणि मग वर्गात एकच विचारणा सुरू होते: पीपीटी झाली का? विषय कळला का, वाचून झालं का, असं कुणी विचारत नाही. पीपीटी झाली म्हणजे सेमिनार झाला, असा हिशेब सगळ्यांनी मिळून करून टाकला आहे. त्यात मुलं आहेत, तसे गुण देणारेही आहेत.

या पीपीटीचं रूप आता इतकं ठरून गेलंय की डोळे मिटून सांगता येईल. पहिल्या स्लाईडवर विद्यापीठाचं बोधचिन्ह, विषय, स्वतःचं नाव, गाईड सरांचं किंवा मॅडमचं नाव. दुसऱ्यावर अनुक्रमणिका. मग प्रस्तावना, व्याख्या, उद्दिष्टं, महत्त्व, फायदे, तोटे, निष्कर्ष. प्रत्येक स्लाईडवर आठ-दहा ओळी, बहुतेक इंग्रजीत, बहुतेक कुठून तरी उचललेल्या. शेवटी गुलाबाचं फूल आणि ‘थँक यू’. बोलणारा भिंतीकडे तोंड करून ओळी वाचतो. समोरचे त्याच ओळी त्याच्या आधी वाचून संपवतात आणि पुढची स्लाईड यायची वाट बघत बसतात.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला भरल्या वर्गात इंग्रजीत दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तर तिला भिंतीवरचा मजकूर हवाच. ती तिची पाठांतराची वही आहे. दुसरं कारण कचेरीतलं. सेमिनार झाल्याचा पुरावा विभागाला ठेवावा लागतो, तो नॅकच्या मूल्यांकनाच्या फाईलला लागतो, आणि पुरावा म्हणून जी फाईल जमा होते ती पीपीटीची. त्या फाईलमध्ये सगळं असावं अशी अपेक्षा आपोआप तयार होते. जी स्लाईड बोलण्यासोबत दाखवायची, तीच पुढे दफ्तरात एकटी वाचली जाणार असेल तर तिच्यावर मजकूर वाढणारच. मला विचाराल तर सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे: स्लाईड, बोलणं आणि लेखी टिपण ही तीन वेगळी कामं आपण एका फाईलवर लादली आहेत.

ही फाईल कमी जागी लागते असंही नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्प श्रेयांकांसकट आले, आणि प्रकल्प आला की सादरीकरण आलं. पीएच.डी.ला तर सुटकाच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि प्रबंध सादर करण्याआधी सगळ्या प्राध्यापकांना, संशोधक विद्यार्थ्यांना खुलं असलेलं सादरीकरण करावं लागतं. त्याआधीच्या, २०१६च्या नियमांत परिषदांमधून दोन निबंध वाचण्याची अट होती. त्या अटीने राज्यभर एकदिवसीय ‘राष्ट्रीय’ चर्चासत्रांचं पीक आलं, जिथे पाच-पाच मिनिटांत माणसं पंचवीस स्लाईड पळवत नेत. अट गेली, सवय राहिली. त्यातल्या त्यात ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा मला चांगली वाटते. २००६पासून चालू असलेल्या या स्पर्धेत भित्तिपत्रक आणि तोंडी मांडणी दोन्ही असतं. परीक्षक भित्तिपत्रकापुढे उभा राहून थेट विचारतो, आणि पाठांतर दोन मिनिटांत उघडं पडतं.

चित्र दाखवत बोलणं महाराष्ट्राला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान् पिढ्या रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेली चित्रं एकामागून एक लोकांसमोर धरत आणि कथा गात. ही परंपरा जगवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या कागदावर कथेचा मजकूर नसतो. मजकूर गाणाऱ्याच्या तोंडात असतो, आणि पुढचं चित्र कधी वर घ्यायचं हे कथा ठरवते.

पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या चित्रांचे खेळ सुरू केले. कंदिलाच्या उजेडात काचेवरचं रंगीत चित्र पडद्यावर मोठं दिसे. चित्रं झपाट्याने बदलून हालचालीचा भास करून दिला जाई, सोबत निवेदन आणि संगीत. मुंबईत ल्यूमिएर बंधूंच्या चित्रपटाचा पहिला खेळ १८९६ साली झाला, म्हणजे त्याही आधीची ही गोष्ट. काचेवर हाताने एकेक चित्र रंगवायचं म्हटल्यावर नको असलेली काच कुणी कशाला रंगवील? फुकट आणि अमर्याद मिळणाऱ्या स्लाईडने ही काटकसर आपल्याकडून काढून घेतली.

महाविद्यालयांत मधली काही दशकं ओव्हरहेड प्रोजेक्टरची होती. पारदर्शक पत्र्यावर मार्करने लिहायचं, खालच्या ओळी कोऱ्या कागदाने झाकायच्या आणि कागद हळूहळू खाली सरकवायचा, हे पन्नाशीच्या पुढच्या प्राध्यापकांना आठवत असेल. पॉवरपॉइंट जन्माला आलं ते याच पत्र्यांसाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते बनवलं. १९८७ साली मॅकिंटॉशवर ते बाजारात आलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं काम हे पारदर्शक पत्रे छापून देण्याचं होतं, आणि गिऱ्हाईक होतं कंपन्यांमधल्या बैठकांचं. वर ठळक मथळा, खाली मुद्द्यांची यादी हा साचा त्या बैठकांचा आहे. तो विद्यापीठात शिरला तेव्हा त्याला कुणी हटकलं नाही.

हा साचा किती महागात पडू शकतो, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं. १६ जानेवारी २००३ला उड्डाण होताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून नासासमोर स्लाईडवरून मांडला. त्यातल्या एका स्लाईडचा मथळा दिलासा देणारा होता. सगळ्यांत तळाशी, सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बारीक ओळीत मात्र असं होतं की चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षात सुटलेला १९२० घनइंचांचा. ६४० पट. ज्या चाचण्यांवर दिलासा उभा होता त्या इथे लागूच पडत नव्हत्या, आणि नेमकी हीच गोष्ट मथळ्यात नव्हती. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान जळालं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. अमेरिकेतले माहितीमांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाईडची चिरफाड केली, आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३मधल्या आपल्या अहवालात तिची दखल घेतली. टफ्टींचं म्हणणं टोकाचं आहे: पॉवरपॉइंटच टाका आणि छापील कागद वाटा. स्लाईडमुळे यान पडलं असं म्हणणं अर्थातच चूक ठरेल. पण महत्त्वाचं वाक्य तळाशी दडवायची सोय तो साचा करून देतो, एवढं नक्की.

टफ्टींच्या विरुद्ध टोकाला नियमवाले. एका स्लाईडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द, हा नियम प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतो. त्याने गर्दी कमी होते, पण वाक्यंही मोडतात. ‘पाणीटंचाई: कारणे’, ‘पाणीटंचाई: उपाय’ असे पांगळे तुकडे उरतात, ज्यांच्याशी कुणी सहमत होऊ शकत नाही की भांडू शकत नाही. गाय कावासाकी यांचा दहा-वीस-तीस नियम, म्हणजे दहा स्लाईड, वीस मिनिटं, तीस पॉइंटांचं अक्षर, हा नव्या कंपनीसाठी भांडवल मागायला निघालेल्यांना सांगितलेला आहे. त्यातलं मोठं अक्षर तेवढं आपण घ्यावं. टोकियोत २००३ साली निघालेल्या ‘पेचा कुचा’त वीस स्लाईड, प्रत्येकी वीस सेकंद, स्लाईड आपोआप पुढे सरकते. खरा सेमिनार असा देऊ नये, पण सरावाला ही रीत फार उपयोगी. आपण कुठे रेंगाळतो ते लगेच कळतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेत तर पीएच.डी.चा सगळा विषय तीन मिनिटांत, एका स्थिर स्लाईडवर सांगायचा असतो.

या नियमांपेक्षा भक्कम पाया मानसशास्त्राचा आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडलेल्या विचाराचा गाभा असा की, माणसाची चालू क्षणीची स्मृती तोकडी असते आणि मांडणीतल्या अडचणींनीच ती भरून गेली तर शिकायला जागा उरत नाही. कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर यांनी यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष असा की चित्र आणि बोलणं एकत्र चांगलं चालतं, पण तेच शब्द पडद्यावरही लिहिले तर शिकणं सुधारण्याऐवजी बिघडतं, कारण डोळे वाचायला जातात आणि चित्र निसटतं. आपल्याकडच्या कार्यशाळा इथवर येऊन थांबतात. पण मेयर यांनी स्वतःच याला अपवाद सांगितले आहेत: ऐकणाऱ्याची ती मातृभाषा नसेल किंवा शब्द अनोळखी पारिभाषिक असतील, तर पडद्यावरचा मजकूर मदत करतो. शिवाय हे प्रयोग बहुतांशी छोट्या धड्यांवर, अमेरिकी विद्यार्थ्यांवर झालेले. धाराशिव-लातूरच्या वर्गात इंग्रजी व्याख्यान चालू असताना अपवाद हाच नियम होतो. तेव्हा ‘स्लाईडवर शब्द नकोत’ हा उपदेश इथे जसाच्या तसा उतरवणं अन्यायाचं आहे. ज्यांना शब्द ऐकून पकडता येत नाहीत त्यांच्या हातून काठी काढून घेण्यासारखं ते होईल.

मग कुठली रीत धरावी? माझा कौल मायकेल ॲली यांच्या रीतीला. शास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बोलायला शिकवण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: स्लाईडचा मथळा हे पूर्ण वाक्य असावं, त्या वाक्यात एक दावा असावा, आणि खाली मुद्द्यांच्या यादीऐवजी त्या दाव्याचा पुरावा असावा. पुरावा म्हणजे आलेख, नकाशा, छायाचित्र, आकृती, मुलाखतीतलं एखादं वाक्य, गणितातली पायरी. ही रीत त्यांनी भूशास्त्राच्या मोठ्या वर्गावर तपासून पाहिली. नुसत्या शब्दमथळ्यांपेक्षा वाक्यमथळ्यांच्या स्लाईडमधलं मुलांच्या जास्त लक्षात राहिलं. आपल्याला तिचा आणखी एक फायदा आहे. पूर्ण वाक्य लिहायचं तर आधी आपलं म्हणणं काय ते ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच इतर ठिकाणी टळलेलं असतं.

ढोकीच्याच रुळावरचं उदाहरण घेऊ. एप्रिल २०१६मध्ये, दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ‘जलदूत’ नावाची ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असा फेरा घेत ढोकीवरूनच लातूरला जात होती. पहिली गाडी १० वाघिणींची होती, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. ती १२ एप्रिलला लातूरला पोचली. थोड्याच दिवसांत ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. समजा, भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थिनीने यावर सेमिनार घेतला आहे.

नेहमीच्या रीतीने गेली तर तिची पीपीटी अशी होईल: ‘दुष्काळ: अर्थ’, ‘दुष्काळाचे प्रकार’, ‘मराठवाड्याची भौगोलिक रचना’, ‘लातूरची ओळख’, ‘जलदूत एक्सप्रेस’, ‘जलदूतचे फायदे’. पाचव्या स्लाईडवर गाडीचा फोटो, त्याखाली वाघिणींची संख्या, लिटर, अंतर, तारीख अशी उतरंड. ऐकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट उरेल: मोठी गाडी आली, पुष्कळ पाणी आलं.

आता तिला वाक्य लिहायला लावू. २५ लाख लिटर हा आकडा मोठा वाटतो, कारण तो एकटा उभा आहे. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला की भरलेल्या एका गाडीचं पाणी दर माणशी साधारण साडेसहा लिटर येतं. पहिल्या गाडीचं तर सव्वा लिटरच्या आसपास. भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी सरकारी मापदंड दर माणशी रोज १३५ लिटरचा आहे. आता मथळा आपोआप सुचतो: ‘५० वाघिणींची एक गाडी लातूरकराला गरजेच्या विसाव्या भागाइतकंच पाणी देत होती.’ खाली दोनच स्तंभ, एक १३५चा, एक साडेसहाचा. स्तंभांवर आकडे लिहायचे, बाजूची मोजपट्टी आणि जाळीच्या रेघा काढून टाकायच्या, त्रिमितीचा थाट तर मुळीच नको. तळाशी बारीक अक्षरात लोकसंख्या कुठल्या वर्षाची आणि मापदंड कुणाचा ते लिहायचं. पडद्यावर एवढंच. बाकी सगळं तिने बोलायचं: भागाकार कसा केला, १३५चा आकडा कुठून आला, दुष्काळात लोक या मापदंडाने जगत नाहीत तरी तो का वापरला.

या एका स्लाईडने सेमिनारचा रोखच बदलतो. आता पुढचा प्रश्न ‘फायदे-तोटे’ असा उरत नाही. एवढ्या थोड्या पाण्यासाठी साडेतीनशे किलोमीटरचा आटापिटा का केला, बाकीचं पाणी कुठून येत होतं, टँकर आणि बोअर यांचा वाटा किती, असे खरे प्रश्न उभे राहतात. त्यांतला प्रत्येक एक स्लाईड मागतो, आणि ‘दुष्काळ: अर्थ’ ही स्लाईड कुणी न काढता गळून पडते. गाडीचा मार्ग दाखवणारा नकाशा मात्र हवा. त्यावर मिरज, कुर्डुवाडी, ढोकी, लातूर एवढीच नावं पुरेत. तालुक्यांच्या सगळ्या सीमा आणि नद्या दाखवणारा सरकारी नकाशा तसाच चिकटवला तर मागच्या बाकावरून गाडीची रेघही दिसणार नाही.

हा सगळा खटाटोप पॉवरपॉइंट उघडण्याआधीचा आहे हे लक्षात आलं असेल. आधी कागदावर पाच-सात पूर्ण वाक्यं लिहावीत. ती एकाखाली एक मोठ्याने वाचली की युक्तिवाद कुठे तुटतो ते कळतं. मग प्रत्येक वाक्याला आपल्याकडे काय पुरावा आहे ते पाहावं. पुरावा नसेल तर वाक्य सोडावं, किंवा ग्रंथालयात परत जावं. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रबंध आहेत, जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, जनगणना आहे. गूगलवर सापडलेल्या कुणाच्या तरी पीपीटीवरून आपली पीपीटी करणं हा सगळ्यांत निकृष्ट मार्ग, आणि दुर्दैवाने सगळ्यांत वाहता.

भाषेचा गुंता मोठा आहे, त्याला कुठल्याही परदेशी पुस्तकात उत्तर नाही. आपल्याकडे प्रत्यक्षात होतं असं: स्लाईड इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि मधूनमधून इंग्रजी ओळी वाचून दाखवणं. ऐकणारा दोन भाषांत धावतो. वाचलेलं आणि ऐकलेलं एकच आहे की वेगळं, हे ठरवण्यात त्याची शक्ती जाते. इंग्रजीतच सेमिनार द्यायचा असेल तर मथळ्याचं वाक्य इंग्रजीत ठेवावं, साधं आणि छोटं, स्वतःच्या तोंडात बसेल असं. बोलण्याची परवानगी मराठीत असेल तर दावा मराठीत लिहावा आणि संज्ञा ज्या भाषेत रुळल्या आहेत त्या भाषेत ठेवाव्यात. आलेखाच्या अक्षावर ‘पीएच’ लिहिलं म्हणून मराठी बाटत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी असावेत, पण ज्या संज्ञेसाठी बोलणाऱ्यालाच अडखळावं लागतं ती पडद्यावर चढवण्यात अर्थ नाही. एका स्लाईडवर दोन्ही भाषांत तोच मजकूर देण्याची एक टूम आहे. ती टाळावी, जागा निम्मी होते आणि वाचन दुप्पट.

लिपीच्या अडचणी तर पॉवरपॉइंटच्या शिकवण्यांत कधी येतच नाहीत. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं असं दोन्ही बाजूंना सामान लागतं. त्यामुळे त्याच पॉइंटमापात देवनागरी अक्षराचं मुख्य अंग रोमनपेक्षा लहान दिसतं. इंग्रजीला २४ पुरत असेल तिथे मराठीला ३० धरावं. ओळींमधलं अंतरही वाढवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीत ठसा उमटवायला मोठी लिपी किंवा तिरपी अक्षरं वापरतात. आपल्याकडे मोठी लिपी नाही, आणि तिरपं देवनागरी वाचवत नाही. जाडी किंवा रंग, दोहोंपैकी एक वापरावं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची हौस तर कटाक्षाने टाळावी: शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

फाँटचं म्हणाल तर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा खिचडा येतो. डीटीपीवाल्याकडून पीपीटी करून आणली की हे हमखास. युनिकोडमध्ये टाईप करावं. मुंबईच्या ‘एक टाईप’ने केलेला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे दोन्ही फुकट मिळतात आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. वर त्याच फाईलची पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवावी, पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो.

चित्र हाच पुरावा असतो अशा विषयांत स्लाईडला तोड नाही, आणि ढोकीच्या पंचक्रोशीत असा विषय घरचाच आहे. जवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं व्यापारी शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावातच आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेई इथे १९३८ साली सापडलेली, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांची तुलना अभ्यासक करत आले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी लावली, दोन्हींखाली उंचीची पट्टी दिली, आणि केशरचना किंवा दागिन्यांतलं जे साम्य दाखवायचं त्याच्याभोवती गोल केला, की त्याला ‘तगरचा रोमशी असलेला व्यापारी संबंध’ हा परिच्छेद वाचावा लागत नाही. पट्टी नसेल तर मात्र फसगत होते, कारण पडद्यावर दोन्ही मूर्ती एकाच मापाच्या भासतात. छायाचित्र कुणाचं, कधीचं, हेही तिथेच लिहावं.

यंत्रसामग्रीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आपल्या वर्गांच्या खिडक्यांना पडदे असतातच असं नाही, आणि दुपारच्या उन्हात जुन्या प्रोजेक्टरवर निळ्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं धुऊन जातात. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं टिकतं. लाल आणि हिरवा एकमेकांसमोर नकोत. वीज गेली तर? मुख्य आलेखाच्या झेरॉक्सच्या वीसेक प्रती जवळ असाव्यात. हेच ते लेखी टिपण: एक पान, त्यावर दावे, आकडे, संदर्भ. विभागाच्या दफ्तरालाही हे पान द्यावं. नॅकच्या समितीला भरगच्च पीपीटीपेक्षा ते वाचायला बरंच सुसह्य होईल.

आता तर विषयाचं नाव टाकलं की दोन मिनिटांत वीस स्लाईड करून देणारी साधनं आली आहेत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती पूर्वीच्या कॉपी-पेस्टपेक्षा देखणं काम करतात. पण त्यांच्याकडून येतो तो तोच जुना बैठकीचा साचा, नव्या रंगात: व्याख्या, महत्त्व, आव्हानं, पुढची दिशा. लातूरच्या पाण्याचा भागाकार आधी आपल्या डोक्यात आला नसेल तर तो त्यात येईलच असं नाही, आणि आला तरी आकडे बरोबर आहेत का हे जनगणनेचं पान उघडून आपल्यालाच पाहावं लागेल. मथळ्याची वाक्यं आपली तयार असतील आणि मग मांडणीला, भाषा तपासायला मदत घेतली, तर ती साधनं चांगली कामाला येतात.

वेळेचं गणित बहुतेकांचं चुकतं ते सराव मनात केल्यामुळे. मनात दहा मिनिटांत संपणारं बोलणं तोंडाने चौदा मिनिटं घेतं. मोठ्याने, उभं राहून, शक्यतो विषय न शिकलेल्या कुणासमोर बोलून पाहावं. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ असावं, मधलं नसलं तरी चालतं. स्लाईड आधी बदलून मग काय बोलायचं ते शोधण्यापेक्षा बोलता बोलता पुढच्या दाव्यावर यावं आणि मग स्लाईड आणावी. चित्रकथी असंच करतात. गणिताच्या मंडळींनी तर फळा सोडू नये असं मला मनापासून वाटतं. सिद्धता खडूच्या वेगाने उलगडते तेव्हाच समजते, आणि अख्खी सिद्धता एकदम भिंतीवर आदळली की वर्गातले अर्धे लोक खिडकीबाहेर बघू लागतात.

सेमिनारचे खरे गुण प्रश्नोत्तरांत ठरतात, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर गुलाबाचं फूल असतं. त्याऐवजी मुख्य दाव्याची स्लाईड शेवटी परत आणून तशीच राहू द्यावी, म्हणजे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी धरायला असतं. तिच्या मागे तीन-चार राखीव स्लाईड ठेवाव्यात: आकड्यांचा पूर्ण तक्ता, पद्धतीचा तपशील, वगळलेला आलेख. जलदूतवर बोलणाऱ्या मुलीला बाहेरून आलेले परीक्षक बहुधा हेच विचारतील की, बाई, साडेसहा लिटर हा तुझा भागाकार झाला, पण ते पाणी स्टेशनातून निघून शहरात वाटलं कसं गेलं आणि सगळ्यांना सारखं मिळालं का? तिच्याकडे वाटपाचा तक्ता असेल तर तिने तो राखीव स्लाईडवरून काढावा. नसेल तर ‘सर, एवढा भाग मी पाहिलेला नाही, महानगरपालिकेच्या नोंदी मिळाल्या तर पुढे पाहीन,’ असं मराठीत सांगून पुढचा प्रश्न घ्यावा.